गोळी स्वस्त, वाट महाग

(अकोल्यातल्या युवक शिबिरात केलेल्या भाषणाचा मजकूर)



आज मी तुमच्यापुढं कविता घेऊन आले नाही, ठरावही घेऊन आले नाही. आज मी छातीतल्या गाठीवर बोलणार आहे. बायकांच्या छातीतल्या. ज्यांना हसायचं असेल त्यांनी आत्ताच हसून घ्या आणि मग गप्प बसून ऐका. ज्या वस्तीत आईच्या नावानं शिव्या मोठ्यानं देता येतात आणि आईच्या स्तनातली गाठ मोठ्यानं बोलता येत नाही, त्या वस्तीनं आधी आपली जीभ धुऊन घ्यावी.

मी पॅथॉलॉजी लॅबमध्ये काम करते. ऑपरेशनमध्ये काढलेला मांसाचा तुकडा बाटलीतून आमच्याकडं येतो. बाटलीवर नाव असतं, वय असतं, गाव असतं. जात लिहिलेली नसते. पण पाठवणारा दवाखाना कुठला आणि गाठ केवढी, हे बघितलं की बाकीचं आपोआप कळतं. शिकल्यासवरल्या, पैसेवाल्या घरातून बोराएवढी गाठ येते. आपल्या वस्तीतून येते ती लिंबाएवढी, कधी कवठाएवढी, कातडी फोडून बाहेर आलेली. कॅन्सर जात बघत नाही असं म्हणतात. मान्य. पण तो कळणार कधी, कुणाला औषध मिळणार आणि किती दिवस मिळणार, हे मात्र या देशात जात आणि खिसा बघूनच ठरतं.

आकडा सांगते. जागतिक कॅन्सर संस्थेच्या अंदाजाप्रमाणं २०२२ या एका वर्षात भारतात सुमारे १ लाख ९२ हजार बायकांना स्तनाचा कॅन्सर झाला आणि सुमारे ९८ हजार बायका त्यानं मेल्या. भारतातल्या बायकांमध्ये सगळ्यात जास्त आढळणारा कॅन्सर हाच. ९८ हजार! एवढी माणसं दंगलीत मेली असती तर आपण रस्त्यावर उतरलो असतो. या बायका एकेकट्या मेल्या, खाटेवर, पडदा ओढून. म्हणून त्यांचा मोर्चा निघाला नाही.

आता एका गोळीची गोष्ट ऐका.

१८९६ च्या सुमारास ग्लासगोच्या जॉर्ज बीटसन या सर्जननं स्तनाचा कॅन्सर पसरलेल्या बायकांची बीजकोशं काढली. त्यांच्या गाठी आटल्या. छातीतल्या गाठीचा आणि ओटीपोटातल्या बीजकोशाचा काय संबंध, हे तेव्हा कुणाला धड सांगता येत नव्हतं. पुढं कळलं, की बाईच्या अंगात इस्ट्रोजेन नावाचं हार्मोन असतं आणि बऱ्याच गाठी त्याच्यावर पोसतात. १९५८ च्या सुमारास शिकागोच्या एल्वुड जेन्सननं दाखवलं, की पेशीत या हार्मोनसाठी कुलपासारखी एक जागा असते. हार्मोन ही किल्ली. किल्ली कुलपात बसली की पेशीला हुकूम मिळतो : वाढ.

मग १९६२ साली इंग्लंडमधल्या आयसीआय कंपनीच्या प्रयोगशाळेत डोरा रिचर्डसन या बाईनं एक रसायन बनवलं. कंपनीला हवी होती संतती थांबवायची गोळी. त्या कामाला हे रसायन नापास झालं. पण तिथल्या आर्थर वॉलपोलनं ते सोडलं नाही. १९७१ साली मँचेस्टरच्या मेरी कोल या डॉक्टरनं आणि तिच्या सोबत्यांनी कॅन्सर पुढं गेलेल्या ४६ बायकांवरचा अनुभव छापला. १० जणींचा आजार मागं हटला. तेच हे टॅमॉक्सिफेन. ब्रिटनमध्ये १९७३ साली त्याला परवानगी मिळाली, अमेरिकेत १९७७ साली.

ही गोळी करते काय? ती खोट्या किल्लीसारखी कुलपात जाऊन बसते. खरी किल्ली बाहेर राहते, हुकूम सुटत नाही, गाठ उपाशी राहते. दुसरी गोळी लेट्रोझोल. तिची तऱ्हा वेगळी. पाळी गेल्यावरही बाईच्या चरबीत आणि इतर ठिकाणी थोडं इस्ट्रोजेन तयार होत राहतं. ते तयार करणारा कारखानाच लेट्रोझोल बंद पाडतं. म्हणून ती पाळी गेलेल्या बायकांची गोळी. पाळी चालू असलेल्या बाईला नुसती लेट्रोझोल देऊन भागत नाही, तिची बीजकोशंही इंजेक्शननं किंवा ऑपरेशननं बंद करावी लागतात. टॅमॉक्सिफेन मात्र दोघींनाही चालते.

लवकर सापडलेल्या आजारात ऑपरेशननंतर ५ वर्षं टॅमॉक्सिफेन घेतली, तर स्तनाच्या कॅन्सरनं मरण्याचा धोका साधारण एक तृतीयांशानं कमी होतो. हे हजारो बायकांच्या अभ्यासातून सिद्ध झालंय. पण आज मला जास्त बोलायचंय ते पुढं गेलेल्या आजाराबद्दल. हाडात गेलेल्या, फुप्फुसात गेलेल्या. हा आजार मुळापासून बरा होत नाही, हे खोटं न बोलता सांगायला पाहिजे. पण गाठ हार्मोनवर पोसणारी असेल आणि एखादा अवयव लगेच बंद पडायच्या बेतात नसेल, तर जगभर पहिलं औषध म्हणून हार्मोनची गोळीच निवडतात. सलाईन लावायचं नाही, केस गळत नाहीत. रोज एक गोळी, पाण्यासोबत. आणि बाई महिनोनमहिने, कित्येकदा वर्षानुवर्षं जगते. स्वयंपाक करते, भांडते, लेकीचं लग्न लावते, नातवाला मांडीवर घेते.

आणि किंमत? टॅमॉक्सिफेन काय, लेट्रोझोल काय, कुणा एका कंपनीच्या मालकीच्या राहिलेल्या नाहीत. अनेक देशी कंपन्या त्या बनवतात. दोन्ही भारत सरकारच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीत आहेत. साधी जेनेरिक गोळी घेतली तर दिवसाचा खर्च टपरीवरच्या एका चहाच्या आसपास.

हे स्वस्त औषध आभाळातून पडलं नाही. त्यामागं कायदा आहे. १९७० चा पेटंट कायदा २० एप्रिल १९७२ ला लागू झाला. त्याच १९७२ साली मुंबईत दलित पँथर उभी राहिली. त्या कायद्यानं सांगितलं, की औषध या वस्तूवर कुणाची मालकी नाही, फार तर ते बनवायच्या पद्धतीवर पेटंट मिळेल. म्हणून देशी कारखान्यांनी वेगळ्या पद्धतीनं तीच औषधं बनवली आणि भाव खाली आले. १ जानेवारी २००५ पासून औषधावर मालकी सांगणारं पेटंट पुन्हा आलं. तरी कायद्यात ३ (ड) नावाची एक मेख राहिली. जुन्याच औषधाला थोडा रंग फासून नवीन पेटंट मागता येणार नाही. १ एप्रिल २०१३ ला सुप्रीम कोर्टानं याच कलमावर नोव्हार्टिस कंपनीचा रक्ताच्या कॅन्सरच्या औषधावरचा दावा फेटाळला.

मग प्रश्न असा, की औषध स्वस्त, औषध खुलं, औषध सरकारच्या यादीत. तरी आमच्या वस्तीतली बाई का मरते?

याचं उत्तर महाडला मिळतं. १९२३ साली मुंबईच्या कायदे कौन्सिलात बोल्यांचा ठराव पास झाला : सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले. १९२४ साली महाडच्या नगरपालिकेनं चवदार तळं खुलं केल्याचा ठराव केला. कागदावर तळं खुलं! पाणी मात्र कुणाला पिता येत नव्हतं. ठराव आणि ओंजळ यांच्यात वाट होती आणि त्या वाटेवर लाठ्या होत्या. २० मार्च १९२७ ला बाबासाहेब ती वाट चालत गेले, तेव्हा तळं खुलं झालं. त्याच वर्षी नोव्हेंबरात अंबादेवी मंदिरप्रवेशाच्या लढ्यासाठी ते आपल्या अमरावतीला आले होते. हा इतिहास तुम्ही दर १४ एप्रिलला ऐकता. मी तुम्हाला एवढंच सांगते, की ही गोळी म्हणजे खुलं केलेलं तळं आहे. वाट अजून बंद आहे. त्या वाटेवर चार ठिकाणी बाई अडवली जाते.

पहिलं ठिकाण तिचं स्वतःचं घर. ही गाठ सुरुवातीला बहुतेक वेळा दुखत नाही. आमच्या गल्लीतली एक काकू मला म्हणाली होती, "दुखत नाई, खुपत नाई, मंग कायले दाखवू? रोजी बुडते ना बाई." तिचं गणित चुकीचं नव्हतं. निंदणीला गेली तर पैसे, दवाखान्यात गेली तर पैसे जातात. नवऱ्याला सांगायची लाज, डॉक्टर पुरुष, तपासायची खोली उघडी. दीड वर्ष तिनं गाठ लुगड्याखाली झाकली.

दुसरं ठिकाण माझ्या कामाचं, म्हणून नीट सांगते. गाठ हार्मोनवर पोसणारी आहे की नाही, हे डोळ्यांनी दिसत नाही. त्यासाठी तुकड्यावर ईआर आणि पीआर नावाची तपासणी करावी लागते, म्हणजे कुलूप आहे का ते बघावं लागतं. भारतात निम्म्याच्या आसपास किंवा त्याहून जास्त बायकांच्या गाठीत ते असतं. पण तपासणी खरी यायची तर तुकडा काढल्यापासून तासाभरात फॉर्मालिनमध्ये जायला पाहिजे, भरपूर फॉर्मालिनमध्ये. तो तसाच पडून राहिला, मिठाच्या पाण्यात पाठवला, चार दिवस एसटीच्या पार्सलात फिरला, की कुलूप नासतं. मग रिपोर्ट येतो : निगेटिव्ह. त्या एका शब्दानं बाईची गोळी जाते. गाठीत कुलूप होतं, पण कागदावर नाही म्हणून औषध नाही. मी अशा बाटल्या हातात घेतल्या आहेत. लहान लहान दवाखान्यांतून सलाईनमध्ये तरंगत आलेले तुकडे. मोठ्या घरची गाठ नीट भरलेल्या फॉर्मालिनमध्ये येते, सोबत तपासणीचे पैसे येतात. आमची गाठ येते, तर सोबत चिठ्ठी : फक्त कॅन्सर आहे का तेवढं सांगा. ही माझी जातव्यवस्था. मी ती रोज टेबलावर बघते.

तिसरं ठिकाण म्हणजे 'ॲडव्हान्स' हा शब्द. त्याच काकूचं ऑपरेशन एका खाजगी दवाखान्यात झालं. ईआर तपासणी केलीच नव्हती. वर्षाभरात कंबरेच्या हाडात दुखणं गेलं. तिच्या पोराला सांगितलं, आजार ॲडव्हान्स आहे, आता काही उरलं नाही, घरी न्या, सेवा करा. पोरगा रिक्षा चालवणारा. त्यानं मान खाली घातली आणि आईला घरी आणलं. ॲडव्हान्स म्हणजे मरण, असं त्याला वाटलं. त्याला कुणी सांगितलं नाही, की ॲडव्हान्स झालेल्या आजारासाठीच ही गोळी आधी बाजारात आली. जुन्या तुकड्याचा मेणाचा ब्लॉक लॅबमध्ये ठेवलेला असतो. आम्ही तो ब्लॉक मागितला, काचा मागितल्या, तपासणी करून घेतली. ईआर पॉझिटिव्ह. पाळी गेलेली होती, मोठ्या दवाखान्यातल्या डॉक्टरनं लेट्रोझोल सुरू केली, हाडासाठी इंजेक्शन दिलं. काकू पुढं पावणेचार वर्षं जगली. मेली तीही कॅन्सरनंच. पण मधली पावणेचार वर्षं तिची होती. ती कुणाच्या बापाची मेहेरबानी नव्हती. तिच्याच मांसाच्या तुकड्यात लिहिलेला तो तिचा हक्क होता. कुणीतरी वाचायला पाहिजे होता, एवढंच.

चौथं ठिकाण रोजच्या गोळीचं. ऑपरेशन एकदा होतं, गोळी रोज लागते. लवकरच्या आजारात ५ वर्षं, काहींना १० वर्षं. पुढच्या आजारात उपयोग होतोय तोवर. बाईला बरं वाटायला लागतं, स्ट्रिप संपते, पोराची फी भरायची असते, गोळी राहून जाते. आणि गोळीचा त्रास खरा असतो. टॅमॉक्सिफेननं अंगातून वाफा निघतात, घाम फुटतो. क्वचित पायात रक्ताची गुठळी होते, गर्भाशयाच्या कॅन्सरचा धोका थोडा वाढतो, म्हणून पाळी गेल्यावर रक्त दिसलं तर लगेच दाखवायचं. ही गोळी चालू असताना दिवस जाऊ द्यायचे नाहीत. लेट्रोझोलनं सांधे आखडतात, हाडं ठिसूळ होतात. आता कापूस वेचणाऱ्या बाईची बोटं आखडली तर ती काय करणार? ती गोळी सोडते. मग डॉक्टर म्हणतात, अडाणी आहे, औषध घेत नाही. अडाणी कोण? जिच्या बोटांवर घर चालतं ती, की तिला बोटांचं दुखणं विचारायला ज्याला वेळ नाही तो? तिला सांगायला पाहिजे, की बाई, गोळी परस्पर सोडू नको, डॉक्टरला सांग, गोळी बदलता येते, हाडांसाठी कॅल्शियम आणि व्हिटॅमिन डी घेता येतं.

आणि मित्रांनो, स्वस्त गोळीवर खूश होऊन बसू नका. आजार पुन्हा डोकं वर काढतो. कुलूपच बदलतं, गोळी चालेनाशी होते. आज हार्मोनच्या गोळीला जोड देणारी नवी औषधं आहेत, बाईचं आयुष्य वाढवणारी. त्यांच्यावर मात्र पेटंटचा पहारा. २०२२ साली केरळच्या हायकोर्टात एका कॅन्सरग्रस्त बाईनं अर्ज केला, की रिबोसिक्लिब या औषधाला महिन्याला ५८ हजारांवर रुपये लागतात, सरकारनं पेटंट बाजूला सारून ते स्वस्तात बनवू द्यावं. निकालाच्या आधी ती गेली. कोर्टानं खटला स्वतःहून पुढं चालवला. दुसरं औषध पाल्बोसिक्लिब. जानेवारी २०२३ मध्ये त्याचं भारतातलं पेटंट संपलं, देशी गोळ्या आल्या आणि भाव कोसळला. रसायन तेच, कॅन्सर तोच. बदलली ती फक्त मालकी. म्हणजे आदल्या महिन्यापर्यंत ज्या बायकांना ते परवडलं नाही, त्यांना कशानं मारलं, सांगा.

आता करायचं काय?

वाट कुणी चालून दाखवली आहे का? दाखवली आहे. मुंबईत टाटा हॉस्पिटलनं १९९८ साली झोपडपट्ट्यांतून एक काम सुरू केलं. दीड लाखावर बायका, दोन गट. एका गटातल्या बायकांची छाती, प्रशिक्षण दिलेल्या आरोग्यसेविका ठरावीक काळानं हातानं तपासायच्या. मोठी मशीन नाही. २० वर्षांचा हिशोब २०२१ मध्ये छापून आला. हातानं तपासलेल्या गटात आजार लवकरच्या टप्प्यात सापडला आणि पन्नाशीपुढच्या बायकांत स्तनाच्या कॅन्सरचे मृत्यू जवळजवळ ३० टक्क्यांनी कमी झाले. डॉक्टर नसलेल्या बायकांचे हात होते ते. आपल्या वस्तीत असे हात नाहीत? आशाताई आहेत, नर्सिंग शिकणाऱ्या पोरी आहेत. त्यांच्यासाठी प्रशिक्षण मागा.

दुसरं, सोबत. पोरांनो, हे तुमचं काम. वस्तीतल्या बाईला तारखेला दवाखान्यात नेणं, रांगेत उभं राहणं, कागद वाचणं. कॅन्सरच्या पेशंटला उपचाराच्या प्रवासासाठी रेल्वेत स्लीपर आणि थ्री एसीत पूर्ण सवलत आहे, सोबत्याला ७५ टक्के. किती जणांना माहीत आहे? अमरावतीहून रात्रीची गाडी निघते, बडनेरा, अकोला करत सकाळी मुंबई. परळला टाटा हॉस्पिटल १९४१ पासून उभं आहे. दादरला गाडगे महाराजांच्या नावाची धर्मशाळा कॅन्सरच्या पेशंटला आसरा देते. तो बाबा आपल्याच अमरावती जिल्ह्यातल्या शेंडगावचा, परीट समाजाचा. हातात खराटा घेतला आणि दुसऱ्याच्या आजाऱ्याला छप्पर दिलं. आपल्या हातात काय आहे? मोबाइल आणि वाढदिवसाचा फ्लेक्स!

तिसरं, भांडण. इर्विन चौकात बाबासाहेबांच्या पुतळ्यापाशी आपण जमतो. तिथंच जिल्हा रुग्णालय आहे. १५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत उपचार मोफत केले आहेत. महात्मा फुले जन आरोग्य योजना २०१२ साली राजीव गांधींच्या नावानं सुरू झाली, तेव्हा पहिल्या आठ जिल्ह्यांत अमरावती होता. तर मग जयंतीच्या दुसऱ्या दिवशी हार वाळायच्या आत निवेदन घेऊन आत जा. अकोल्याच्या सरकारी मेडिकल कॉलेजातही जा. तीन सवाल विचारा. काढलेला प्रत्येक तुकडा फॉर्मालिनमध्ये जातो का? ईआर-पीआर तपासणी फुकट होते का, किती दिवसांत? टॅमॉक्सिफेन आणि लेट्रोझोल बारा महिने खिडकीवर मिळतात का, की बाहेरून आणा म्हणतात? उत्तर तोंडी घेऊ नका. लेखी घ्या. नाही मिळालं तर माहितीचा अधिकार आहे, उपोषण आहे, खिडकीसमोरचं ठाण आहे.

चौथं, घर. इथून घरी गेल्यावर आईला विचारा. बहिणीला, बायकोला, शेजारच्या मावशीला विचारा. छातीत गाठ आहे का, बोंडातून रक्त येतं का, कातडी ओढल्यासारखी झाली आहे का, काखेत काही लागतं का. तोंडातून शब्द फुटत नसेल तर बहिणीला विचारायला लावा. आणि गाठ निघाली तर बाबा-बुवाकडं नाही, जडीबुटीवाल्याकडं नाही. आपण नवस सोडले ते १९५६ साली.

प्रत्येकीनं डॉक्टरला एकच वाक्य विचारायला शिकावं : माझ्या गाठीचा ईआर काय आला? हे वाक्य पाठ करा. भिंतीवर लिहा. जिला अक्षर येत नाही तिनंही ते म्हणावं. ज्या दिवशी निंदणीवरून आलेली बाई डॉक्टरच्या टेबलावर हात ठेवून हे विचारेल, त्या दिवशी तो मान वर करून तिच्याकडं बघेल.

मी उद्या पुन्हा लॅबमध्ये असेन. बाटल्या येतील. तुमच्या वस्तीतून येणारी बाटली फॉर्मालिननं भरलेली यावी आणि तिच्यातली गाठ बोराएवढी असावी. एवढंच तुमच्याकडं मागते.

जय भीम.